शेऱ्याचा रकाना

"बाई, वाचत बसू नका. नुसते मोजा," साहेब म्हणाले आणि माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकून निघून गेले.

साहेब म्हणजे आमच्या सरकारी इस्पितळाचे अधीक्षक. गठ्ठा म्हणजे गेल्या दोन महिन्यांत लोकांनी इस्पितळाच्या साईटवर जे जे शोधलं त्याची यादी. सोमवारी वरचे अधिकारी येणार होते, आणि त्यांना पडद्यावर एक आकडा दाखवायचा होता, की आमच्या शोधपेटीचा लाभ इतक्या लोकांनी घेतला. शोधपेटी हे नाव साहेबांचंच. साईटच्या अगदी वर एक पांढरी चौकट आहे, शेजारी भिंगाचं चित्र. चौकटीत नाव लिहायचं, टिचकी मारायची, की तुमचा माणूस कुठल्या वॉर्डात कुठल्या खाटेवर आहे ते कळणार. कळणार म्हणे. डोंबलाचं कळतंय.

मी सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत काढली. इथे मला नावाने कोणी हाक मारत नाही, चौकशीबाई म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी खिडकी बंद झाली. तिच्यावर प्लायवूड ठोकलं आणि त्यावर पोस्टर लावलं: ‘आता रांग नको, शोधा एका क्षणात!’ पोस्टरवरची बाई हातात फोन धरून दात काढते आहे. इस्पितळात आपलं माणूस शोधायची पाळी आलेलं कोणी असं हसत नाही, एवढंही ज्याला कळलं नाही त्याने ते चित्र पसंत केलं. खिडकीतला फोनही काढून नेला. त्या नंबरवर आता एक ध्वनिमुद्रित बाई बोलते, ‘माहितीसाठी संकेतस्थळाला भेट द्या.’ तिला काहीही विचारा, तिचं एवढंच. आणि मला महिन्याभराने तळघरातल्या रेकॉर्ड खोलीत टाकलं. भिंतीला ओल, कोपऱ्यात झुरळं आणि वर एक मिणमिणती ट्यूब.

आमच्या ह्यांना हे सगळं फार आवडलं होतं. हे टपालातून निवृत्त झालेत आणि दिवसभर फोनला नाक लावून बसतात. "जगाबरोबर चालायला शिक," मला सांगतात. स्वतः गेले पंधरा दिवस मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातलं रबर शोधतायत, कंपनीच्या साईटवर. पेटीत लिहिलं की ती बासष्ट नवेकोरे मिक्सर दाखवते, रबर एकही नाही. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला झाकण नेऊन दाखवा, तो बघितल्याबरोबर काढून देईल. तर म्हणे, "तुला नव्याचं वावडंच आहे. बसच्या साईटवर बघ, गावाचं नाव टाकलं की बस हजर." ते मात्र खरं होतं. बस हजर होते. कोणीतरी तिथे डोकं वापरलेलं दिसतंय.

तर मी मोजायला बसले. आणि वाचायला लागले. सत्तावीस वर्षं लोकांचं ऐकायची सवय, ती साहेबांनी सांगितलं म्हणून थोडीच जाणार?

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, मोबाईल नंबर, काय शोधलं आणि काय मिळालं. मोबाईल नंबर दिल्याशिवाय ही पेटी उघडतच नाही. नंबर सगळ्यांचे घेतले, फोन एकालाही केला नाही.

‘रक्त तपासल्याचा कागद कुठे मिळतो.’ आढळले नाही.

"खोली नंबर चार, दुपारी दोननंतर," मी मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला झुरळांशिवाय कोणी नव्हतं.

‘हाडांचे मोठे डॉक्टर बुधवारी असतात का.’ आढळले नाही.

"असतात हो, पण अकराच्या आधी येत नाहीत."

‘बाळ आणि आई दोघं ठीक आहेत का.’ आढळले नाही.

याला काय सांगणार? त्या माणसाने पेटीला असं विचारलं होतं जसं खिडकीत डोकं घालून मला विचारलं असतं. लोकांना वाटलं पलीकडे कोणीतरी बसलंय. वाटणारच, सरकारने चौकट ठेवलीय म्हटल्यावर पलीकडे माणूस असणार, असंच कोणालाही वाटेल. पलीकडे कोणी नव्हतं. पानांमागून पानं ‘आढळले नाही’. मला शिसारी यायला लागली.

सातव्या पानावर एक नंबर वारंवार दिसायला लागला. शेवटी शून्य आठ. पहिल्या दिवशी त्याने एका माणसाचं पूर्ण नाव टाकलं होतं, नाव, वडलांचं नाव, आडनाव. आढळले नाही. मग मधलं गाळून. मग नुसतं आडनाव आणि वय चौऱ्याहत्तर. मग ‘बाबा’. दुसऱ्या दिवशी ‘उंच सावळे, तपकिरी स्वेटर’. तिसऱ्या दिवशी ‘त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, विसरतात’. पाचव्या दिवशी ‘डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे’. आठव्या दिवशी ‘सारखा पाना मागतात’.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं. ज्याला नाव आहे त्याला कोणीही शोधेल हो. माझं खरं काम बिननावाच्यांचं होतं. बेशुद्ध आलेले, रस्त्यावर सापडलेले, डोक्याला मार लागलेले, आपण कोण तेच विसरलेले. त्यांच्या केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष’ किंवा ‘अनोळखी स्त्री’ आणि पुढे आकडा. रोज सकाळी आठ ते नऊ मी सगळे वॉर्ड फिरून त्यांच्या खुणा वहीत उतरवायचे. कानामागे तीळ. झोपेत शिट्टी वाजवतो. बोलायच्या आधी दोनदा खाकरते. कारण खिडकीत येणारा माणूस उंची आणि वजन सांगत नाही. तो सांगतो, "बाई, आमची आई ना, बोलायच्या आधी खाकरते बघा." त्या वहीतून सत्तावीस वर्षांत दोनशे अकरा माणसं घरी गेली. तो आकडा पडद्यावर दाखवावा असं कधी कोणाला वाटलं नाही.

आणि माझा एक नियम होता. वहीत खूण जुळली तरी ‘आहे’ म्हणायचं नाही. उठायचं, वॉर्डात जायचं, माणूस खाटेवर डोळ्यांनी बघायचा, मग खिडकीत येऊन सांगायचं. समोरच्याने हातापाया पडून विचारलं तरी आधी बघायचं.

साईट बनवायला जे कंत्राटदार आले, त्यांना सगळे कॉम्प्युटरवाले म्हणतात. चाळिशीचा गोडबोल्या माणूस. मी त्याला वही दाखवली तर त्याने हात जोडले. "बाई, हे तर सोनं आहे. सगळं टाका, सगळं सापडेल." फॉर्ममध्ये नाव, वय, वॉर्ड, खाट असे रकाने होते आणि शेवटी एक ‘शेरा’. मी महिनाभर सकाळी वॉर्ड फिरायचे आणि दिवसभर दोन बोटांनी टकटक करत खुणा शेऱ्याच्या रकान्यात भरायचे. मान मोडून आली, पण मनात म्हणायचे, खिडकी गेली तरी वही जिवंत राहील. मग साहेब म्हणाले, आता फिरू नका, नर्सच भरतील फॉर्म. नर्सना पाणी प्यायला वेळ नाही, त्या काय शेरे भरणार! मला राग आला. तळघरात गेले ती गेलेच. महिनाभर हट्टाने एकदाही वर वॉर्डात पाऊल टाकलं नाही. खाली बसून सगळ्यांच्या नावाने बोटं मोडली.

पाना मागणारे काका मला त्या फिरण्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत भेटले. पोलिसांनी बस स्टँडवरून आणलेले. अनोळखी पुरुष सदतीस. मी खाटेशी गेले की हात पुढे करायचे. त्या हाताला करंगळी अर्धीच.

"पाना दे गं."

"कुठला, काका?"

"कुठला काय विचारतेस? घट्ट बसलंय ते. सैल केल्याशिवाय चालू होईल का?"

"आणते हं."

"लवकर आण. माणसं खोळंबलीत."

मी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘डाव्या हाताची करंगळी अर्धी. सारखा पाना मागतो.’ माझ्या या दोन बोटांनी टाईप केलं होतं. आणि बाहेरून कोणीतरी जवळजवळ त्याच शब्दांत विचारत होतं, आणि मधली पेटी सांगत होती, आढळले नाही.

माझ्या टेबलावर ऑफिसातला कॉम्प्युटर होता. त्यात आमच्यापुरतं वेगळं शोधायचं असतं. मी लिहिलं, ‘पाना’. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. अनोळखी पुरुष ३७. वॉर्ड ६. खाट १९. स्थिती: दाखल.

म्हणजे सापडत होतं! यंत्राला सगळं जमत होतं. बाहेरच्या पेटीला कोणीतरी मुद्दाम सांगून ठेवलं होतं, की नावाच्या रकान्यात बघ, शेऱ्यात बघू नकोस. आणि बिननावाच्या माणसाचं नावाच्या रकान्यात काय असणार, कपाळ?

मी यादी शेवटपर्यंत चाळली. शून्य आठचे एकूण त्रेचाळीस शोध. शेवटचा गेल्या शनिवारी, दुपारी बारा चाळीसला. ‘कोणी आहे का.’

आढळले नाही.

त्या दिवशी गुरुवार होता, सकाळचे दहा वाजत होते. मी माझा फोन काढला आणि नंबर लावला. पहिली घंटी पुरी वाजायच्या आतच उचलला.

"मी इस्पितळातून बोलतेय. तुम्ही वडलांना शोधताय ना? ते पाना मागतात का हो?"

पलीकडे एक बाई होती. एकदम म्हणाली, "दहा-अकराचा. दहा-अकराचा पाना मागतात. पंपांचे मेकॅनिक होते ते. ताई, आहेत का? आहेत का तिथे?"

समोर पडद्यावर अक्षरं होती. दाखल.

"आहेत," मी म्हणाले. "सापडले."

ती रडायला लागली. रडता रडता बोलत होती, की ते घरून निघून गेले, कुठल्या बसमध्ये चढले तेच कळलं नाही, त्या रस्त्यावर चौदा गावं, चौदा इस्पितळं, चार ठिकाणी स्वतः जाऊन आली, बाकीच्यांना फोन केले तर कुठे कोणी उचलेना, कुठे ती बाई बोलते. म्हणून रोज सगळ्यांच्या साईटवर टाकत बसायची. "मी निघतेच, ताई. बस बघते."

फोन ठेवला आणि मी जिने चढून वर गेले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी दोन दोन पायऱ्या चढले. महिन्याभराने जात होते. काकांना सांगणार होते, तुमचा पाना येतोय.

खाट एकोणीसवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक तरुण बसून केळं खात होता.

वॉर्डात मामा होते. मामा म्हणजे सहा नंबरचे जुने वॉर्डबॉय, माझ्या आधीपासूनचे. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं मी कोणासाठी आले.

"बाई, ते गेले. रविवारी पहाटे. छातीत कफ झाला होता. खाली शवागारात आहेत. सात दिवस ठेवतील, मग नगरपालिकेची गाडी."

"पण मामा, कॉम्प्युटरवर दाखल आहे!"

"त्याच्यावर शनिवारच्या शनिवारी चढवतात. हे रविवारी गेले ना. आता परवा चढेल."

मी तिथल्या स्टुलावर बसले. सत्तावीस वर्षांचा नियम. कधी कोणा मंत्र्याच्या मेहुण्यासाठी मोडला नाही आणि आज पडद्यावर एक शब्द वाचून मोडला. वॉर्ड कितीसा लांब होता? तीन मजले. तीन मजले चढून बघून मग फोन करता येत नव्हता मला? महिनाभर ज्या पेटीला शिव्या घातल्या, तिच्या बहिणीवर डोळे मिटून विश्वास टाकला.

पाऊण तासाने मी परत नंबर लावला. खरं सांगायचं ठरवलं होतं, अगदी शब्द जुळवून ठेवले होते.

"ताई, बस मिळाली! साईटवर एका मिनिटात सापडली, बसलेसुद्धा. चारला पोचते." मागून इंजिनाचा आवाज येत होता. ती धापा टाकत बोलत होती. "त्यांना सांगा, मी येतेय. पाना घेतलाय बरोबर. त्यांचाच आहे, घरी खुंटीवर होता. तो बघितला की ते मला ओळखतील. पाना विसरत नाहीत ते."

एकटी बाई, पाच तासांची बस. तिला त्या बसमध्ये काय सांगू?

"सावकाश या," मी म्हणाले.

पाच तास. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कॉम्प्युटरवाले तिथेच होते, सोमवारच्या कार्यक्रमाचा पडदा कुठे लावायचा त्याचं चाललं होतं. समोर चहा, बिस्किटं. मी यादीचं पान टेबलावर आपटलं.

"पेटी शेऱ्यात का शोधत नाही?"

कॉम्प्युटरवाल्यांनी पान बघितलं न बघितल्यासारखं केलं. "बाई, शेऱ्यात शोधायला लावलं की साईट जड होते हो. उद्घाटनाला एवढे पाहुणे, टिचकी मारली आणि चार सेकंद काही दिसलंच नाही तर?"

"चार सेकंद?"

"पडद्यावर चार सेकंद फार वाटतात, बाई."

"आणि गोपनीयता असते," साहेब मध्ये पडले. हे त्यांना आत्ता सुचलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. "पेशंटच्या खुणा अशा जगजाहीर करता येत नाहीत."

"मग तसं मला सांगायचं होतं. मी ओरडून सांगितलं असतं की खिडकी ठेवा. तुम्ही म्हणालात, सगळं टाका, सगळं सापडेल."

"सापडतंच ना, आतून," कॉम्प्युटरवाले म्हणाले. "शिवाय मी एक सोय दिलीय. नोंदीत नंतर नाव भरलं गेलं, की ज्याने ते नाव शोधलं असेल त्याला आपोआप मेसेज जातो. कोणाला काही करावं लागत नाही."

"नाव कळल्यावर ना? नाव सांगायलाच तर ती मुलगी आली होती तुमच्या दारात."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, आकडा झाला का?"

"दोन हजार तीनशे अठरा."

"वा! उत्तम."

"त्यातले त्रेचाळीस एकट्या त्या मुलीचे आहेत."

"म्हणजे बघा साहेब," कॉम्प्युटरवाले एकदम खुलले, "एकच व्यक्ती परत परत वापरतेय. याला म्हणतात उपयुक्तता!"

हे तो मला चिडवायला म्हणाला नाही. मनापासून, आनंदाने म्हणाला. त्याच्या ओठाच्या कडेला बिस्किटाचा चुरा लागला होता. इतकी किळस मला कधी कुठल्या जखमेचीही आली नाही, आणि इथे मी काय काय बघितलंय.

साहेबांनी आकडा तक्त्यात भरला. त्या तक्त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता.

मी बाहेर आले. त्यांच्यावर थुंकावंसं वाटत होतं, पण थुंकी गिळली. त्यांना चार सेकंद जड झाले. मला तीन मजले जड झाले. मी महिनाभर रुसून न बसता रोज सकाळी तासभर वर गेले असते, तर काका मला रोज भेटले असते, आणि ही यादी आठवडाभर आधी मागून घ्यायची बुद्धी कदाचित झाली असती. कदाचित नसतीही झाली. पण निदान मुलीला ‘आहेत’ म्हणून बसमध्ये बसवलं नसतं.

चारला पाच कमी असताना मी बंद खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. पोस्टरवरची बाई माझ्या डोक्यावर हसत होती. मामाही आले आणि शेजारी बसले. त्यांची ड्युटी दोनलाच संपली होती.

ती आली. पंचेचाळीस एक वर्षांची, उंच, सावळी. सांगावं लागलं नाही, नाक तेच होतं. खांद्याला पिशवी, आणि पिशवीच्या आत घातलेला एक हात बाहेर काढलेलाच नाही.

"ताई, तुम्हीच ना? कुठल्या मजल्यावर आहेत?"

मी उठले. "बाई, आधी बसा."

"नको, मला आधी त्यांना बघू दे."

"सकाळी मी तुम्हाला खोटं सांगितलं," मी म्हणाले. आडवळणाने सांगायला मला येत नाही. "मी वर जाऊन न बघता सांगितलं. कॉम्प्युटरवर दाखल होतं. ते गेले. रविवारी पहाटे गेले."

तिने मोकळ्या हाताने बाक चाचपला. मग खाली बसली. हात अजून पिशवीतच.

"शनिवारी मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो. वाचलं मी आज."

"दुपारी. जेवायच्या सुट्टीत."

"बारा चाळीसला."

तिने मान हलवली, जणू तेवढं नक्की झालं ते बरं झालं. मला वाटलं होतं ती माझ्या अंगावर धावून येईल. आली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "शेवटी कोणी होतं का जवळ?"

"मी होतो," मामा म्हणाले. "रात्रपाळी होती माझी. त्रास फार नाही झाला. पाना मागत होते, तर मी त्यांना हातात चमचा दिला होता. शेवटचे पंधरा दिवस तोच धरून बसायचे. खाटेच्या कडेला लावून फिरवायचे, नट असल्यासारखा. म्हणायचे, झालं, आता चालू करा."

"मग?"

"मग मी म्हणायचो, चालू झालं हो काका. पाणी आलं. की गप झोपायचे."

तेव्हा ती रडली. आवाज न करता, पिशवी छातीशी धरून. मामा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिने झटकला नाही, यापेक्षा जास्त माफी मला कोणाकडून नको होती.

शवागारात मी तिच्याबरोबर गेले. तिने चादर बाजूला केली, डावा हात बाहेर घेतला, अर्ध्या करंगळीवर अंगठा फिरवला. मग पिशवीतला हात एकदाचा बाहेर आला. पाना जुना होता, मधोमध घासून गुळगुळीत झालेला. तिने तो त्यांच्या पंजात ठेवायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. तिने तो मग पंजाखाली सरकवला आणि वर चादर घातली.

"तो चमचा मला मिळेल का?" तिने मामांना विचारलं.

चमच्यावर सहा नंबर कोरलेला होता, म्हणजे वॉर्डाची मालमत्ता. मामांनी खिशातून काढून दिला. त्यांनी तो सकाळपासून खिशातच ठेवला होता.

आवारातल्या पोलीस चौकीत कागद व्हायला तास गेला. मग नोंद पुरी करायची होती. शवागाराचा कारकून म्हणाला तुम्हीच भरा, तुम्हाला माहिती आहे. मी आधी माझी वही आणली. सदतीस नंबरचं पान उघडलं. "नाव सांगा," मी म्हणाले. तिने सांगितलं, पूर्ण, तीन शब्दांत, शाळेत हजेरीला सांगतात तसं. मी वहीत लिहिलं, आणि मग कॉम्प्युटरमध्ये, नावाच्या रकान्यात. एवढ्या दिवसांनी तो रकाना भरला.

शववाहिका मागच्या दाराशी लागली होती. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर पिशवी. मी दार लावणार एवढ्यात तिचा फोन वाजला. तिने बघितलं आणि माझ्यासमोर धरला.

‘आपण शोधत असलेली व्यक्ती आढळली आहे. आमची शोधसुविधा आपल्याला उपयुक्त वाटली का? कृपया एक ते पाच तारे द्या.’

खाली पाच पोकळ तारे, भरायचे.

"याचं काय करायचं, ताई?" तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खिडकीत येऊन लोक विचारतात तसं विचारलं, खरंच माहिती हवी म्हणून.

माझ्या तोंडाशी इतक्या शिव्या आल्या होत्या की त्या पाचच काय, पन्नास ताऱ्यांत मावल्या नसत्या. पण तिच्यासमोर कशाला?

"काही करू नका," मी म्हणाले. "राहू दे तसंच."

तिने फोन पिशवीत टाकला. पाना होता त्याच पिशवीत, आता चमचा होता.

आमच्या गेटपाशी एक उंच गतिरोधक आहे. वर्षभर झालं घालून. गाडी वेगात गेली की आतला पेशंट खाटेवरून उडतो, म्हणून खिडकीतून मी प्रत्येकाला ओरडून सांगायचे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तशी मी भरभर पुढे गेले आणि त्याच्या काचेवर टकटक केली.

"गतिरोधकावर सावकाश घ्या."

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "आता आत कोणाला लागणार आहे?"

"सावकाश घ्या म्हटलं ना."

त्याने घेतली. आधी पुढची चाकं वर चढून खाली उतरली, मग मागची. हिसका बसला नाही. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी गेटशी उभी होते.